ट्रॅक्टर चालू हालतीत असावा

प्रतिभा पोतनीस यांनी बत्तीस वर्षं फळ्यावर डिझेल इंजिन चालवलं आणि ते एकदाही बंद पडलं नाही. उज्जैनच्या एका मुलींच्या सरकारी शाळेत त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या. झडप उघडली, हवा आत आली, दट्ट्यानं ती दाबली, दाबल्यामुळे तापली, तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा उडाला, भडका झाला, धूर बाहेर. हे सगळं त्या दोन हात आणि एक भुवई वापरून असं काही सांगायच्या की मागच्या बाकावर झोपलेल्या मुलीसुद्धा भडक्याच्या वेळी जाग्या व्हायच्या. त्यामुळे निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी एक खरं, लोखंडी डिझेल इंजिन त्यांच्याच अंगणात येऊन उभं राहिलं आणि किल्ली फिरवल्यावर 'टक' एवढंच म्हणालं, तेव्हा त्यांना तो बिघाड वाटला नाही. उद्धटपणा वाटला.

इंजिन ज्या ट्रॅक्टरचं होतं तो त्यांच्या वडिलांचा. लाल रंगाचा, म्हणजे एके काळी लाल, चव्वेचाळीस वर्षांचा. वडील गेल्यावर बडनगर रस्त्यावरची जमीन नव्या रस्त्यात गेली, तेव्हा शेड रिकामी करायची वेळ आली. पुण्याहून धाकट्या भावाचा, आल्हादचा, फोन आला. "ताई, तू काही चक्करमध्ये पडू नकोस. भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय मी. तीस तारखेला येऊन उचलून नेईल." प्रतिभाताई "बरं" म्हणाल्या, फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमागे साखळीनं बांधून तो फ्रीगंजातल्या आपल्या घरी घेऊन आल्या. याच ट्रॅक्टरवर त्या एकोणिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या होत्या. भंगारवाला त्याचे तुकडे करणार, या विचारानं त्यांना जेवण गेलं नव्हतं.

त्यांचे यजमान रमेशराव विमा कार्यालयात दाव्यांच्या विभागात होते. अख्खी नोकरी अपघातांचे अर्ज वाचण्यात गेल्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीचा अपघात आधी दिसायचा आणि गोष्ट नंतर. अंगणात ट्रॅक्टर शिरताना त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "हा उतारावरून सुटला तर थेट समोरच्या सुलूकाकूंच्या फाटकात जाईल."

"अहो, बंद आहे तो."

"बंदच सुटतात," रमेशराव म्हणाले.

ट्रॅक्टर ठेवायचा कुठे याचं उत्तर प्रतिभाताईंकडे तयार होतं. देवास रस्त्यावर शेतीची यंत्रं शिकवणारी एक खासगी शाळा नुकतीच उघडली होती आणि मुलांच्या कार्यशाळेसाठी जुनी यंत्रं मागत होती. प्रतिभाताई फॉर्म घेऊन आल्या होत्या. फॉर्म हिंदीत होता आणि चौथ्या नियमात लिहिलं होतं की मशीन चालू हालत में हो, स्वयं चलकर परिसर में आए, और साथ में मिस्त्री का प्रमाणपत्र हो. शेवटची तारीख अठ्ठावीस. त्या दिवशी तारीख होती पाच.

"तेवीस दिवस आहेत," प्रतिभाताई म्हणाल्या. "मी याहून कमी दिवसांत अख्खी उष्णता शिकवलीय."

पहिले तीन दिवस बॅटरीत गेले. जुनी बॅटरी मेलेलीच होती, त्यात कुणाचं दुमत नव्हतं. नवी बसवली तरी 'टक' ते 'टकटक' एवढीच प्रगती झाली. प्रतिभाताईंनी तारांची टोकं पाहिली तर त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी जमलेली. ती त्यांनी खायच्या सोड्याच्या पाण्यानं आणि रमेशरावांच्या दात घासायच्या ब्रशनं साफ केली. ब्रश जुना समजून घेतला होता. तो जुना नव्हता, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं आणि पोतनीसांच्या घरात अर्धा दिवस शांतता पसरली.

पण इंजिन फिरलं! किल्ली फिरवताच घर्रर्र घर्रर्र करत सगळं धूड हलायला लागलं, स्वयंपाकघरातली भांडी वाजली, आणि गल्लीत जो जो म्हणून मोकळा होता तो तो बाहेर आला. आता फ्रीगंजच्या गल्लीत सकाळी दहा वाजता मोकळी नसलेली माणसं फार थोडी. इंजिनाचं टोपण उघडून त्यावर कुणी वाकलं की बघणाऱ्याला सल्ला फुटतोच. त्यात ज्यांच्याकडे स्कूटर होती ते प्लग म्हणाले. डिझेल इंजिनाला प्लग नसतो हे प्रतिभाताईंनी सांगितल्यावर ते "वही तो" म्हणाले. ज्यांच्याकडे स्कूटरही नव्हती ते म्हणाले, गरम पाणी टाका. आणि हे सगळे सल्ले न चुकता रमेशरावांना दिले गेले. रमेशराव पायरीवर पेपर वाचत बसलेले असायचे आणि त्यांचा या प्रकरणाशी एका ब्रशापलीकडे संबंध नव्हता. तरी लोक प्रतिभाताईंच्या वाकलेल्या पाठीवरून त्यांच्याकडे बघून म्हणायचे, "रमेशजी, डीजल चेक किया क्या?"

शेजारचे भय्यासाहेब फडणीस मात्र अपवाद. वय एक्याऐंशी, पूर्वज शिंद्यांच्या पदरी पीलखान्यावर, म्हणजे सरकारी हत्तींच्या व्यवस्थेवर होते. घराण्यात हत्ती संपून दीडशे वर्षं झाली असली तरी भय्यासाहेबांची हत्तींवरची पकड सुटली नव्हती. ते भिंतीवरून डोकावून थेट प्रतिभाताईंशी बोलायचे.

"काय करून राहिल्या, वहिनी? उठत नाही?"

"नाही ना, भय्यासाहेब."

"हत्ती असाच बसायचा. तेव्हा त्याच्या भोवती गर्दी नाही करायची. एकच माणूस पाहिजे, आणि त्यानं हट्ट नाही सोडायचा. हत्तीला कळतं, हा जाणार नाही."

बाकीच्या सल्ल्यांपेक्षा हा प्रतिभाताईंना शास्त्रशुद्ध वाटला.

त्यांनी वही काढली. दोनशे पानी, रेघांची. 'निरीक्षण' या मथळ्याखाली लिहिलं, 'इंजिन फिरते. धुराड्यातून धूर अजिबात नाही.' 'अनुमान' खाली लिहिलं, 'डिझेल आत पोचलं असतं तर न पेटताही पांढरा धूर आला असता. म्हणजे पोचतच नाही.' हे लिहून त्या इतक्या खूश झाल्या की दुपारी साबुदाण्याची खिचडी केली, उपास नसताना.

रमेशरावांनी मात्र परस्पर मिस्त्री बोलावला. आगर रस्त्यावरचे भेरूलालजी. ट्रॅक्टरच्या बाबतीत आसपासच्या चाळीस गावांत त्यांचा शब्द शेवटचा. ते आले, चहा घेतला, ट्रॅक्टरभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायरवर एक थाप मारली आणि रमेशरावांना म्हणाले, "भाईसाब, इंजन बंद है."

"ते आम्हाला माहीत आहे," प्रतिभाताई म्हणाल्या आणि मग हिंदीत, "डीजल पंप तक नहीं पहुँच रहा है. धुआँ नहीं आ रहा."

भेरूलालजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं भिंतीवरचं घड्याळ बोललं असावं. मग परत रमेशरावांकडे वळून म्हणाले, "बेनजी से कहिए, पुराना माल है. खींच के देखो. खींचने से न उठे तो कबाड़."

"प्रमाणपत्र?" प्रतिभाताईंनी विचारलं.

"चालू होगा तब दूँगा ना," भेरूलालजी म्हणाले. हे एवढं वाक्य मात्र त्यांनी प्रतिभाताईंना उद्देशून उच्चारलं.

ओढून बघायचं ठरलं ते बाराव्या दिवशी. प्रतिभाताईंना हा मार्ग अडाणीपणाचा वाटत होता, पण गल्लीत मतदान झाल्यासारखंच झालं होतं. कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याची जीप आली, साखळी लागली, सहा जण मागून ढकलायला, आणि रमेशराव पुढे हात पसरून, वाहतूक थांबवायला. वाहतूक म्हणजे एक ई-रिक्षा, तिच्यात महाकालला निघालेली आणि वाट चुकलेली गुजराती मंडळी. त्यांनी "जय महाकाल" म्हणून ढकलायला हात लावला. प्रतिभाताई वर बसल्या, तिसरा गियर टाकला, क्लच दाबून धरला. जीप निघाली. वेग आल्यावर क्लच सोडायचा आणि इंजिन पेटायचं, असा बेत.

त्यांनी क्लच सोडला. ट्रॅक्टरनं एक गचका दिला, साखळी ताणली, तुटली, जीप पुढे निघून गेली, आणि ट्रॅक्टर उरलेल्या वेगात डावीकडे वळून सुलूकाकूंच्या घरासमोर मांडलेल्या गुलाबांच्या कुंड्यांत जाऊन थांबला. अकरा कुंड्या गेल्या. फाटक वाचलं. रमेशराव फाटकाकडे बोट दाखवून "मी म्हटलं होतं" म्हणायला गेले आणि फाटक शाबूत पाहून जरा हिरमुसले.

सुलूकाकू बाहेर आल्या. त्या रागावल्या असत्या तर सोपं होतं. पण त्या फक्त म्हणाल्या, "पोरी, तुझ्या आईला तरी काय वाटलं असतं गं?" बासष्ट वर्षांच्या, बत्तीस वर्षं वर्गात नुसत्या भुवईनं शांतता राखणाऱ्या बाईला भर गल्लीत, गुजराती मंडळींसमोर हे ऐकून घ्यावं लागलं. प्रतिभाताईंचे कान तापले. त्या खाली उतरल्या, स्वतः फुटक्या कुंड्यांची खापरं वेचली, गुलाबांच्या मुळ्या ओल्या फडक्यात बांधल्या, आणि संध्याकाळपर्यंत नव्या कुंड्यांत अकराही रोपं लावून दिली. मग हात धुऊन परत ट्रॅक्टरवर चढल्या. रमेशरावांना वाटलं, आता कबाडीला फोन लावतील.

त्या नुसत्या सीटवर बसून समोर बघत होत्या. समोर, स्टिअरिंगच्या खाली, एक काळ्या मुठीची दांडी बाहेर ओढलेली होती आणि तिला कापडी पिशवी लटकत होती.

"अहो," त्या फार हळू म्हणाल्या, "ही पिशवी कुणी अडकवली?"

"मी. भाजीची, दोडक्यांची. पाच-सहा दिवस झाले. तिथे चांगला हूक आहे ना."

"हूक नाहीये तो. इंजिन बंद करायची दांडी आहे. ती ओढली की पंपाचं डिझेल बंद होतं."

यानंतर पोतनीस पतिपत्नींमध्ये जो संवाद झाला तो इथे द्यायचं कारण नाही. त्याचा सारांश असा की सहा जण, एक जीप आणि एक ई-रिक्षाभर गुजराती मंडळींनी मिळून जो ट्रॅक्टर ओढला, तो सबंध वेळ रमेशरावांच्या दोडक्यांनी बंद करून ठेवला होता. रमेशराव त्या दिवसापासून अंगणात येताना खिशात हात घालून यायला लागले.

दांडी आत सारली. डिझेल मात्र तरीही पोचेना. प्रतिभाताईंना आता आनंदच झाला, कारण म्हणजे त्यांचं अनुमान अजून शाबूत होतं. नळीत हवा शिरली असणार. जुन्या ट्रॅक्टरला हवा म्हणजे गळ्यात अडकलेला घास. ती काढल्याशिवाय डिझेल पुढे सरकत नाही. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू थोडा सैल करायचा, बाजूची चिमुकली दांडी हातानं खालीवर करायची, स्क्रूतून फेसाळ डिझेल येतं, येऊ द्यायचं. बुडबुडे थांबले आणि नितळ डिझेल आलं की स्क्रू घट्ट. प्रतिभाताई दांडी मारत बसल्या. बुडबुडे आले. दहा मिनिटं आले. अर्धा तास आले. दुसऱ्या दिवशीही आले.

"थांबत नाहीत?" भय्यासाहेबांनी भिंतीवरून विचारलं.

"कुठून तरी नवी हवा शिरतेय. मी काढते तेवढी शिरतेय."

"जाऊ नका पण," भय्यासाहेब म्हणाले, आणि खुर्ची आणून भिंतीपलीकडे बसले. त्यांना दिसत काही नव्हतं, पण एकच माणूस पाहिजे या आपल्या नियमात त्यांनी स्वतःला बहुधा धरलं नव्हतं.

सतराव्या दिवशी चोर सापडला. फिल्टरला नळी जिथे जोडली होती तिथे तांब्याची एक चकती होती, वॉशर, रुपयापेक्षा लहान. वर्षानुवर्षं दाबून दाबून ती टणक झाली होती आणि नीट बसत नव्हती. प्रतिभाताई ती रुमालात गुंडाळून टावर चौकाच्या बाजूला ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात गेल्या. रमेशराव पिशवी धरून सोबत होते. दुकानदारानं वॉशर उलटसुलट पाहिला आणि रमेशरावांना म्हणाला, "भाईसाब, ये साइज अब आता नहीं. पूरा फिल्टर बदल दो."

"पूरा फिल्टर है?" प्रतिभाताईंनी विचारलं.

"वो भी नहीं आता."

चार दुकानं झाली. पाचव्यानं "इंदौर मिलेगा" म्हटलं, आणि इंदूरला फोन लावल्यावर इंदूरनं विचारलं, "उज्जैन में देखा?"

घरी येऊन प्रतिभाताईंनी सरळ गॅस पेटवला, चिमट्यात वॉशर धरला आणि ज्वाळेत घातला.

"अगं, काय करतेस? पोळ्यांचा चिमटा आहे तो!" रमेशराव दारातून ओरडले. ते गॅसच्या टाकीपासून योग्य अंतरावर उभे होते.

"तांबं टणक झालं की तापवून लाल करायचं आणि पाण्यात टाकायचं. मऊ होतं. लोखंडाचं उलटं. मी हे अकरावीला शिकवलंय, दरवर्षी, आणि कधी करून पाहिलं नाही, अहो." वॉशर लाल झाला. चुर्र आवाज करत पाण्यात गेला. बाहेर काढला तेव्हा तो गुलाबी, नवा, आणि नखानं दाबला तर दबेल इतका मऊ झाला होता. प्रतिभाताईंनी तो रमेशरावांच्या हातावर ठेवला. रमेशरावांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वस्तूकडे तिच्या अपघाताचा विचार न करता पाहिलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी वॉशर बसला. बुडबुडे आले, कमी झाले, थांबले. नितळ डिझेल प्रतिभाताईंच्या बोटांवरून वाहिलं. त्यांनी स्क्रू घट्ट केला, वर चढल्या, किल्ली फिरवली. घर्रर्र. घर्रर्र. धुराड्यातून पांढरा धूर. मग काळा. मग खाड, खाड, खाडखाडखाड, आणि अख्खी गल्ली हादरली. धुराचा एक लोट थेट सुलूकाकूंच्या गच्चीवर गेला. तिथे वाळत घातलेल्या कुरडयांचा रंग त्या दिवशी जो बदलला तो तळल्यावरही गेला नाही.

सगळे धावत आले. किराणेवाल्यानं रमेशरावांना मिठी मारली. "रमेशजी, कमाल कर दी आपने!" कुणी तरी पोहे-जिलबी आणली आणि पहिली जिलबी रमेशरावांच्या तोंडात गेली. ते जिलबीतून "मी नाही, ती" असं काही तरी म्हणत होते, पण इंजिनाच्या आवाजात आणि पाकात ते बुडून गेलं. वर सीटवर, डिझेलनं माखलेल्या पंजाबी ड्रेसमध्ये प्रतिभाताई बसल्या होत्या. त्यांना एकटीला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसत नव्हतं हे त्यांच्या दृष्टीनं बरंच होतं.

अकराव्या मिनिटाला इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

परत हवा काढली, परत चालू, परत अकराव्या मिनिटाला बंद. मंडळी पांगली. जाता जाता एकानं रमेशरावांच्या खांद्यावर सांत्वनाचा हात ठेवला. प्रतिभाताईंनी वहीत लिहिलं, 'दर वेळी अकराच मिनिटे.' हा आकडा त्यांना आवडला. यंत्र बिघडतं तेव्हा काहीही करतं. पण जे दर वेळी घड्याळ लावून बिघडतं, त्याला काही तरी म्हणायचं असतं. त्या टाकीजवळ गेल्या, झाकण फिरवलं, आणि आतून 'फुस्स' असा आवाज झाला. बाहेरची हवा आत ओढली गेली होती.

झाकणाला बारीक भोक असतं. डिझेल जसं कमी होईल तशी त्या भोकातून टाकीत हवा जाते. ते भोक बुजलं की टाकीत पोकळी होते आणि डिझेल खाली उतरेनासं होतं. प्रतिभाताईंनी झाकण उलटं धरलं. भोकावर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, नेटकं, बांगडीच्या डबीसारखं. त्यांनी ते पिनेनं, जमेल तितक्या अदबीनं, सोडवलं. त्या दिवशी ट्रॅक्टर पावणेदोन तास चालला. बंद करा म्हणून शेवटी भय्यासाहेबांनी निरोप पाठवला. त्यांना दुपारी झोपायचं होतं.

भेरूलालजी प्रमाणपत्र द्यायला आले ते सव्वीस तारखेला. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, डोळे मिटून, बराच वेळ. मग विचारलं, "किसने किया?" आणि या वेळी रमेशराव उठून, खिशातले हात काढून, पायरीवरून म्हणाले, "मुझसे मत पूछिए. मैंने तो उस पर दोडके टाँगे थे."

भेरूलालजी प्रतिभाताईंकडे वळले. "वाशर कहाँ मिला, बेनजी?"

"नहीं मिला. पुराना ही गरम करके नरम किया."

भेरूलालजींनी प्रमाणपत्रावर सही केली, शिक्का मारला, आणि जाताना आपल्या पिशवीतला बारा नंबरचा पाना काढून त्यांच्या हातात दिला. "रास्ते में रखना. लगेगा."

अठ्ठावीसला सकाळी सात वाजता प्रतिभाताई निघाल्या. रमेशराव मडगार्डवर, एका हातानं फाइल आणि दुसऱ्यानं जीव धरून. इंजिन वाटेत कुठेही बंद करायचं नाही, एवढा एकच नियम होता. एक जोड अजून थोडी हवा ओढत होता आणि थंड झाल्यावर तो काय करील याचा भरवसा नव्हता. टावर चौकात वाहतूक पोलिसानं हात केला.

"गाड़ी बंद करो. कागज दिखाओ."

"कागज दिखाती हूँ. गाड़ी बंद नहीं होगी."

"मतलब?"

"मतलब बंद की तो यहीं रहेगी. फिर आप और मैं, दोनों यहीं रहेंगे."

रमेशरावांनी फाइल पुढे केली. विमा कार्यालयाची सवय असल्यामुळे तिच्यात ट्रॅक्टरची मूळ खरेदीची पावती, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, आल्हादचं संमतिपत्र, भेरूलालजींचं प्रमाणपत्र आणि, का कोण जाणे, दोघांच्या लसीकरणाचे कागद होते. पोलीस तिसऱ्या कागदापर्यंत पोचला तोवर मागे महाकालच्या दिशेनं निघालेल्या ई-रिक्षांची रांग लागली आणि भोंग्यांचा एकच गदारोळ झाला. त्यानं फाइल मिटून परत दिली आणि हातानं "जाओ, जाओ" केलं. जरा वेळानं मागून विचारलं, "माताजी, लायसन्स तो है ना?"

"इकतालीस साल से!" प्रतिभाताई न वळता ओरडल्या.

शाळेच्या पटांगणात ट्रॅक्टर शिरला तेव्हा साडेआठ झाले होते. खाकी डगला घातलेली तीसेक मुलंमुली कार्यशाळेतून बाहेर आली. त्यांच्यामागून कार्यशाळेचे प्रमुख चौहान सर आले, हात पुसत. त्यांनी ट्रॅक्टरभोवती फेरी घातली, कागद पाहिले, मान डोलावली.

"बंद कर दीजिए, मैडम."

प्रतिभाताईंनी दांडी ओढली. चार-पाच दिवसांत त्यांना एवढी शांतता ऐकायची सवय राहिली नव्हती.

"अब चालू कीजिए."

दांडी आत सारून किल्ली फिरवली. घर्रर्र. परत. घर्रर्र घर्रर्र. धूर नाही. मुलांमधून कुणी तरी हसलं. रमेशरावांनी मडगार्डवरच डोळे मिटले. फाटकाशी बसलेला कारकून फॉर्ममधल्या चौथ्या नियमावर बोट ठेवून उभा राहिला.

प्रतिभाताई खाली उतरल्या. पाना काढला. स्क्रू सैल केला, दांडी मारायला लागल्या, आणि समोर तीस मुलं उभी असताना गप्प राहून काम करणं त्यांना जमेना. "सब लोग इधर आओ. पीछे वाले भी. ये क्या निकल रहा है? बुलबुले. मतलब अंदर क्या है? हवा. हवा दबती है, डीजल नहीं दबता. पंप सारी ताकत हवा को दबाने में लगा देता है, और नोजल तक कुछ नहीं पहुँचता. ए, तू, चोटी वाली, ध्यान इधर." बुडबुडे थांबले. स्क्रू घट्ट. त्या वर चढल्या, किल्ली फिरवली, आणि खाडखाडखाड करत इंजिन उठलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रतिभाताईंनी चौहान सरांकडे अशा नजरेनं पाहिलं की आता सही करा.

चौहान सर टाळ्या थांबायची वाट बघत होते. मग जवळ येऊन, इंजिनाच्या आवाजावरून ओरडून म्हणाले, "मैडम, चालू ट्रैक्टर तो हमारे पास तीन हैं. नए. चाबी घुमाओ, चल पड़ते हैं. बच्चे उनसे कुछ नहीं सीखते. मुझे तो ऐसा चाहिए था जो चालू न हो."

"पण फॉर्ममध्ये..." प्रतिभाताईंना हिंदीच आठवेना. "फॉर्म में तो लिखा है, चालू हालत में!"

"फॉर्म ऑफिस ने बनाया है. मुझसे किसी ने पूछा नहीं."

अकरा कुंड्या, एक ब्रश, एक साखळी, पाच दुकानं, इंदूर, कुरडया, आणि भर चौकात माताजी हे संबोधन, हे सगळं प्रतिभाताईंच्या डोळ्यांपुढून क्रमानं गेलं. त्या काही तरी कडक बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात चौहान सरांनी त्यांच्या हातातला पाना हलकेच घेतला, वाकले, आणि फिल्टरचा तो वॉशरचा जोड स्वतः सैल केला. इंजिन अडखळलं, खोकलं, बंद पडलं.

"चलो," चौहान सर मुलांना म्हणाले, "मैडम ने जो किया, एक एक करके करो."

वेणीवाली मुलगी पुढे आली. तिनं त्या जोडाचा स्क्रू पुरा काढूनच टाकला, तांब्याचा वॉशर धुळीत पडला, आणि ती त्यावर पाय देणार तोच प्रतिभाताई तीरासारख्या पुढे धावल्या. वॉशर उचलला, ओढणीनं पुसला, तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "इसको सँभाल के. ये बाजार में नहीं मिलता." मुलीनं तो जागेवर बसवला. दांडी मारायला लागली, जोरजोरात, चुकीच्या लयीत. प्रतिभाताईंनी तिचा हात धरून लय बसवून दिली.

कारकुनानं पावती आणून दिली. रमेशरावांनी ती दोनदा वाचून फाइलमध्ये लावली, मडगार्डवरचा आपला रुमाल घेतला, आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "प्रतिभा, चल आता. रिक्षा मिळतेय का बघू."

"थांबा हो," प्रतिभाताई इंजिनावरून मान वर न करता म्हणाल्या. "अजून बुडबुडे येतायत."